धबधब्याचा आहेर

तालुक्याच्या एका गावी रंगनाथराव उपासे नावाचे कापडदुकानदार राहत होते. माणूस सज्जन, पण भिडस्त इतका की बाजारात कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तर हेच म्हणायचे, "असू दे हो, माझाच पाय मधे आला." कुणाला 'नाही' म्हणायची वेळ आली की त्यांना घाम फुटायचा. लोक त्यांना भला माणूस म्हणत, आणि ते खोटंही नव्हतं. पण भलेपणा वेगळा आणि भिडस्तपणा वेगळा. दोघं एकसारखे कपडे घालून हिंडतात म्हणून आपण फसतो.

रंगनाथरावांची मुलगी मंजिरी शेजारच्या बाजारपेठेच्या गावी दिली होती. तिचे सासरे जगन्नाथराव मिटकरी गुळाचे व्यापारी होते. आवाज मोठा, हात सढळ. एखादी वस्तू त्यांना आवडली की ती स्वतःपुरती ठेवणं त्यांना जमत नसे. सगळ्या गणगोताच्या गळ्यात ती घातल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे.

रंगनाथरावांनी नवं घर बांधलं. वास्तुशांतीला जगन्नाथराव आले ते एक भलंमोठं खोकं घेऊन. बायकांना वाटलं, चांदीचं काहीतरी असणार. खोक्यातून निघाला शॉवर. तोही साधासुधा नव्हे. पोळपाटाएवढी गोल, चकचकीत जाळी आणि तिला बारीक बारीक भोकंच भोकं.

"एका लग्नाला गेलो होतो, तिथल्या हॉटेलात बघितला," मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात जगन्नाथराव म्हणाले. "खाली उभं राहिलं की धबधब्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. म्हटलं, असा पहिला शॉवर आमच्या व्याह्यांकडे लागला पाहिजे!"

सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी दगडू मिस्त्रींनी येऊन शॉवर न्हाणीघरात बसवला आणि चावी फिरवली. धबधबा काही आला नाही. मधल्या चार-दोन भोकांतून पाणी ओघळलं, काठाला थेंब लोंबले, आणि मग नुसती टपटप सुरू झाली. मिस्त्रींनी चावी पूर्ण उघडली, तरी टपटपच.

"टाकी न्हाणीच्या डोक्यावरच आहे," मिस्त्री म्हणाले. "पाण्याला उंची नाही, म्हणून जोर नाही. हॉटेलात टाकी कुठे वरती गच्चीवर असते, नाहीतर पंप असतो. आता एवढंसं पाणी एवढ्या भोकांना वाटायचं म्हटल्यावर काय होणार? ही जाळी काढा. तळहाताएवढी लहान जाळी मिळते, ती लावा. याच पाण्याची झकास धार पडेल."

काम किती सोपं होतं बघा. पाना लावायचा, मोठी जाळी फिरवून काढायची, लहान जाळी फिरवून बसवायची. चुलीवरचा चहा उकळायच्या आत झालं असतं.

"काढा?" रंगनाथराव दचकले. "अहो, व्याह्यांचा आहेर आहे तो!"

आपल्याकडे आहेर परत करत नाहीत आणि आहेराला नाव ठेवत नाहीत. त्यात हा लेकीच्या सासरचा. आहेराची साडी आवडली नाही तर बोहारणीला देऊन पातेलं घेता येतं, कुणाला पत्ता लागत नाही. पण न्हाणीच्या भिंतीवरून पोळपाटाएवढा शॉवर नाहीसा झाला तर तो आल्यागेल्याला दिसणारच.

रंगनाथरावांच्या पत्नी कुमुदताई व्यवहाराच्या होत्या. त्या म्हणाल्या, "काढून माळ्यावर ठेवा. व्याही यायचे असले की आदल्या दिवशी परत लावा."

"आणि न कळवता आले तर?"

"तर खरं काय ते सांगा. गिळणार आहेत का ते तुम्हाला?"

"तुला काय जातंय सांगायला!" रंगनाथराव म्हणाले आणि दुकानात निघून गेले.

शॉवर तिथेच राहिला. रंगनाथरावांनी गवंडी बोलावून टाकीखाली विटांचा ओटा बांधून घेतला. त्याने एवढाच फरक पडला की आधी सावकाश टपटपायचं ते जरा घाईने टपटपायला लागलं. वर स्लॅबला ओल आली ती आलीच. शेवटी घरातली सगळी माणसं शॉवरच्या खाली बादली ठेवून, शेजारच्या नळाने ती भरून, तांब्याने आंघोळ करू लागली. पाहुणे यायचे असले की कुमुदताई तो शॉवर चिंच लावून घासत. तो लखलखत असे.

एवढ्यावर भागलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारणच नव्हतं. कुणी बादलीने आंघोळ केली म्हणून जगाचं काही बिघडत नाही.

पण पुढे एकदा जगन्नाथराव कामासाठी त्या गावी आले आणि व्याह्यांकडे मुक्कामाला राहिले. सकाळी उठले ते खांद्यावर पंचा टाकूनच. "चला! आज तुमच्या धबधब्याखाली आंघोळ!"

"अरेरे, जगन्नाथराव," रंगनाथराव म्हणाले, "नेमकं आजच नळाला पाणी आलं नाही हो. टाकी रिकामी आहे."

टाकी काठोकाठ भरलेली होती. कुमुदताईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने कॅलेंडरकडे बघितलं. कुमुदताईंनी मुकाट्याने पाणी तापवून बादलीत काढलं आणि जगन्नाथरावांनी कुरकुर न करता तांब्याने आंघोळ उरकली.

पोहे खायला बसल्यावर मात्र त्यांनी पुन्हा विषय काढला. "बरं, आज नाही तर नाही. पण चालतो कसा ते तरी सांगा."

खरं बोलायची हीच जागा होती. जगन्नाथराव काही वाघ नव्हते. 'चालत नाही हो' असं म्हटलं असतं तर ते हसले असते, स्वतःच पाना मागून घेतला असता आणि जाळी काढून दिली असती. पण भिडस्ताचं खोटं कधी लहान नसतं. लहान खोट्यावर समोरच्याचा विश्वास बसणार नाही, अशी त्याला धास्ती असते.

"काय सांगू, जगन्नाथराव!" रंगनाथराव म्हणाले. "धबधबा! नुसता धबधबा! डोळे मिटले की आपण घरात आहोत का डोंगरात, तेच कळत नाही. आम्ही तर बादली विसरलोच."

जगन्नाथरावांनी हातातली बशी खाली ठेवली. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"मग माझं काम झालं," ते म्हणाले. "आईसाठी विचारत होतो."

जगन्नाथरावांच्या आई गोदाक्का. वय झालेलं, पण बाई मोठी ताठ. आयुष्यात कुणाकडून पाण्याचा पेलाही भरून घेतलेला नाही. त्यांना मधे झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डावा हात चाले, पण भरलेला तांब्या डोक्यापर्यंत जाईना. आंघोळ घालायला नातसून, म्हणजे मंजिरी, लागायला लागली.

"तुमची पोर गुणाची आहे, प्रेमाने घालते," जगन्नाथराव म्हणाले. "पण आई त्या वेळी डोळे घट्ट मिटून बसते. नंतर दुपारपर्यंत कुणाशी बोलत नाही. परवा मला म्हणाली, 'जगन्नाथा, दुसऱ्याच्या हातची आंघोळ मेल्यावर असते रे.' म्हणून म्हटलं, डाव्या हाताने चावी फिरवली की डोक्यावर पाणी आलं पाहिजे. तेवढं झालं तरी पुरे. पण आमचंही घर बैठं, टाकी न्हाणीवरच. चालेल का नाही, शंका होती. आता तुमच्याकडे चालतो म्हटल्यावर प्रश्नच मिटला. तुमच्या तोंडून खोटं यायचं नाही."

कुमुदताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आता तरी हे बोलतील, म्हणून त्या वाट बघत राहिल्या. रंगनाथरावांनी तोंड उघडलं.

"पोहे घ्या ना अजून," ते म्हणाले.

जगन्नाथराव गावी परतले आणि त्यांनी तसलाच शॉवर आणून आईच्या न्हाणीघरात लावला. खाली एक स्टूल ठेवलं. त्यानंतर काही दिवस तिकडून काही कळलं नाही. रंगनाथरावांनीही विचारलं नाही. मनातल्या मनात ते म्हणत होते, त्यांच्याकडे चालतही असेल, कुणी सांगावं?

मग मंजिरीचा फोन आला.

"बाबा, आजींनी विचारायला सांगितलंय," ती म्हणाली. "तुम्ही त्या शॉवरखाली नेमकं कुठे बसता? आणि चावी किती फिरवता?"

"का गं?"

"आमच्याकडे पाणीच येत नाही हो, नुसते थेंब. पण आजी म्हणतात, रंगनाथरावांकडे धबधबा पडतो, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. त्या रोज एकट्या आत जातात, मला येऊ देत नाहीत. बाहेर येतात तेव्हा केसांत साबण तसाच असतो. विचारलं तर म्हणतात, माझा हात मेला नीट फिरत नाही. बाबा, काहीतरी युक्ती असेल ना? सांगा ना."

रंगनाथरावांच्या कपाळावर घाम आला. थेंबाथेंबाखाली बसलेली म्हातारी त्यांच्या डोळ्यांसमोर आली. त्यांना स्वतःची शरम वाटली, अगदी मनापासून वाटली. पण शरम वाटूनही जीभ वळली ती जुन्याच वाटेने.

"पहाटे," ते म्हणाले. "पहाटे टाकी भरलेली असते बघ. तेव्हा चांगला चालतो. पहाटे करून बघा म्हणावं."

फोन ठेवल्यावर कुमुदताई म्हणाल्या, "अहो, थंडी किती पडलीय! म्हातारं माणूस आहे ते."

"एखाद्या दिवशी करून बघतील आणि देतील सोडून," रंगनाथराव म्हणाले.

सोडून देणाऱ्यातल्या गोदाक्का नव्हत्या. आठवडा झाला नाही तोच मंजिरीचा पुन्हा फोन आला. गोदाक्कांना ताप भरला होता. छातीत कफ झाला होता. रोज अंधारात उठून त्या शॉवरखाली बसत होत्या. गीझरमधलं ऊन पाणी थेंबाथेंबाने अंगावर पडेपर्यंत गार होत होतं, आणि साबण गेल्याशिवाय बाई बाहेर येत नव्हत्या. डॉक्टरांनी औषध दिलं होतं. मंजिरी रडत होती. "बाबा, तापातसुद्धा त्या तेच बोलतात हो. म्हणतात, सगळ्यांना जमतं, मलाच कसं जमत नाही."

रंगनाथराव उठले, कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि तळहाताएवढी एक जाळी घेऊन आले.

"मी जाऊन येतो," ते कुमुदताईंना म्हणाले. "ही लावून देतो. त्यांना म्हणेन, बाजारात नवीन आलीय, याहून चांगली आहे, म्हणून आहेर आणला."

खरं म्हणजे युक्ती नामी होती. शॉवर दुरुस्त झाला असता, व्याही खूश झाले असते, आणि झाकली मूठ झाकलीच राहिली असती.

कुमुदताई एरवी नवऱ्याला फार बोलत नसत. आज बोलल्या. "जाळी बदलाल हो. पण ती बाई मरेपर्यंत म्हणत राहील की तिला साधी आंघोळ करता आली नाही. ते कसं बदलणार?"

रंगनाथरावांनी पायात वहाणा घातल्या आणि ते एस.टी. पकडायला निघाले.

मिटकऱ्यांच्या घरी पोहोचले तेव्हा गोदाक्का खाटेवर पांघरूण घेऊन पडल्या होत्या. ताप उतरणीला लागला होता. उशाशी मंजिरी होती, पायाशी जगन्नाथराव. त्यांचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "या रंगनाथराव, बसा," ते हळूच म्हणाले.

रंगनाथराव बसले नाहीत. बसलो तर पाणी येईल, चहा येईल, विचारपूस होईल आणि आपलं धैर्य गळेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हातातली पिशवी तशीच धरून ते खाटेजवळ गेले.

"गोदाक्का, तुमचं काहीच चुकलं नाही," ते म्हणाले. "तो शॉवर आमच्याकडे एक दिवससुद्धा चालला नाही. आम्ही बादलीनेच आंघोळ करतो. जगन्नाथरावांना टाकी रिकामी आहे म्हणालो ते खोटं. धबधबा म्हणालो ते खोटं. आणि पहाटेचं सांगितलं ते तर सगळ्यात वाईट. मला क्षमा करा."

मंजिरीने वडिलांकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिला वडिलांचा राग आला होता आणि त्यांची दयाही आली होती. रंगनाथराव जगन्नाथरावांच्या ओरडण्याची वाट बघत उभे राहिले.

जगन्नाथरावांनी पंच्याने तोंड पुसलं. "आमच्याकडचा चालत नाही, हे मला लावला त्याच दिवशी दिसलं होतं," ते म्हणाले. "मिस्त्री काढतोच म्हणत होता. मीच त्याला नको म्हटलं."

"का हो?" रंगनाथरावांनी चकित होऊन विचारलं.

"तुम्ही एवढी स्तुती केलीत! मीच चारचौघांत मिरवून तुम्हाला दिलेला. आता माझ्याच घरी चालत नाही हे कोणत्या तोंडाने सांगू? तुम्हाला वाटलं असतं, हा आपल्याला खोटं पाडतोय. म्हटलं, राहू दे, चालेल हळूहळू."

"म्हणजे तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा!"

दोघा व्याह्यांनी एकमेकांकडे बघितलं. एवढ्या दिवसांचं ओझं उतरलं होतं. जगन्नाथरावांच्या मिशीखाली हसू फुटलं, रंगनाथरावांच्याही ओठांचे कोपरे हलले. आता दोघं एकमेकांच्या पाठीवर थाप मारणार, एवढ्यात खाटेवरून गोदाक्कांचा आवाज आला. आवाज क्षीण होता, पण शब्द स्पष्ट होते.

"छान झालं. याने तुमचं मन राखलं, तुम्ही याचं राखलंत. साबण माझ्या डोक्यात राहिला."

दोघांचंही हसू जागच्या जागी विरलं. जगन्नाथरावांनी पाना शोधून आणला. न्हाणीघरात रंगनाथरावांनी खुर्ची धरली, जगन्नाथराव धापा टाकत वर चढले आणि दोघांनी मिळून ती पोळपाटाएवढी जाळी उतरवली. तिच्या जागी लहान जाळी बसवली आणि चावी फिरवली. त्याच टाकीतलं तेच पाणी, पण आता त्याची नीट, भरीव धार खाली पडली. जगन्नाथराव डोक्यापासून पायापर्यंत भिजले.

ताप जाऊन अंगात थोडं बळ आल्यावर गोदाक्का एका सकाळी चांगलं ऊन वर आल्यावर न्हाणीघरात गेल्या. मंजिरी सोबत निघाली, तिला त्यांनी उंबऱ्यावरच थांबवलं. दार लावून घेतलं. बराच वेळ आतून पाण्याचा आवाज येत राहिला. जगन्नाथराव बाहेर येरझाऱ्या घालत होते. मधे मधे ते ओरडून विचारत होते, "आई, येतंय का पाणी? आई, ठीक आहेस ना?"

गोदाक्का बाहेर आल्या तेव्हा त्यांचे पांढरे केस स्वच्छ धुतलेले होते. लुगडंही त्यांनी एका हाताने जमेल तसं स्वतःच गुंडाळलं होतं. चेहऱ्यावर समाधान होतं.

"कसा आहे आता?" जगन्नाथरावांनी विचारलं.

"छान आहे," सवयीने गोदाक्का म्हणाल्या. मग थांबल्या. लेकाकडे त्यांनी एकदा नीट बघितलं.

"धार चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण ते स्टूल उंच आहे, माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. बसल्यावर पडायची भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते. ते बदल. आणि मी आत असताना दाराशी उभा राहून ओरडत जाऊ नकोस."

जगन्नाथराव शेजारच्या सुताराकडून करवत आणायला स्वतःच गेले.

तात्पर्य: भिडेपोटी बोललेलं गोड खोटं बोलणाऱ्याला बाधत नाही की ऐकणाऱ्याला, ते बाधतं त्यावर विश्वास ठेवून बसलेल्या तिसऱ्याच दुबळ्या माणसाला. म्हणून मन राखण्याआधी माणूस राखावा.